खारेपाटाचा नकाशा : कालचा आणि आजचा



आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत दरसाल थोर व्यक्तींची चरित्रे, शिक्षणनिधीचा जमाखर्च आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या आपण आवडीने वाचतो. यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कोणी राजा वा सरदार उभा न राहता धरमतरच्या खाडीकाठचा चिखलाचा बांध उभा राहिला. ज्या समाजाचे नावच ‘आगर’ ह्या शब्दावरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्या समाजाच्या इतिहासाचा आरंभ बांधापासून करावा, यात वावगे ते काय? मिठाचे आगर असो की भाताचे, समुद्राला चार हात दूर थोपवून धरल्याशिवाय त्यातले एकही उभे राहत नाही.

आज त्या बांधावर नवे संकट आले आहे. समुद्राची पातळी वाढत आहे, वादळे वाढत आहेत, आणि किनाऱ्यावरील धोक्याचे नकाशे शास्त्रज्ञ तयार करीत आहेत. ह्या नकाशांत आपली माणसे कोठे आहेत, हा प्रश्न विचारण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. परंतु आजचे समजावयाचे तर कालचे आधी पाहिले पाहिजे.

बांधाची विद्या

पेण, अलिबाग, पनवेल आणि उरण ह्या तालुक्यांतील खाडीकाठच्या सखल पट्ट्यास आपण खारेपाट म्हणतो. ही जमीन निसर्गाने आपल्याला तयार करून दिलेली नाही. एके काळी येथे भरतीचे पाणी येत-जात होते. आपल्या पूर्वजांनी खाजणातील चिखल उपसून बाहेरकाठा घातला, त्यात पाणी सोडण्यासाठी उघाडी बसवली आणि मग पावसाच्या गोड्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन काढण्याचे काम वर्षानुवर्षे केले. उघाडीची योजना मोठी बुद्धीची आहे. ओहोटीला आतील पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर पडते आणि भरती चढू लागली की बाहेरील पाण्याच्या दाबाने तेच दार आपोआप मिटते. अक्षरओळख नसलेल्या माणसांची ही स्थापत्यविद्या होय.

ह्या विद्येला जोड होती ती तिथींच्या ज्ञानाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे खारेपाटातील लहान मुलालाही ठाऊक असे. कुर्लीने पोखरलेले बोटभर छिद्र वेळीच बुजले नाही तर एका उधाणात त्याची खांड होते आणि एका खांडीतून शेकडो एकर भात नासते, हेही तितकेच ठाऊक असे. म्हणून पावसाळ्यात बांधावर रात्रीची राखण असे. माझ्या आजोबांबरोबर मी लहानपणी अशा राखणीला गेलो आहे. हातात कंदील, डोक्यावर इरले, आणि दर पन्नास पावलांवर थांबून पाण्याचा आवाज ऐकणे. ‘आवाज बदलला की समज, बांध बोलतो आहे,’ असे ते म्हणत.

एकदा खारे पाणी आत शिरले की ते एक पीक घेऊन थांबत नाही. जमिनीतील मीठ धुऊन जाण्यास पुढे दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणूनच आपल्या लोकांनी राता जातीचे लालसर, खारे सोसणारे भात पिढ्यान्‌पिढ्या जपले. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षारसहिष्णु वाण निघवले व ते ‘पनवेल’ ह्याच नावाने प्रसिद्ध झाले. भाताबरोबर दारच्या तळ्यातील जिताडा हेही खारेपाटाचे वैभव. पाहुण्याला जिताडा वाढल्याशिवाय यजमानाला चैन पडत नसे!

शिलोत्री, खोती आणि चरीचा संप

बांध कष्टकऱ्याने घातला खरा, पण तो मालकीचा कोणाचा? येथून आपल्या इतिहासातील कडू प्रकरण सुरू होते. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे. बाहेरकाठ्याची डागडुजी करण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची आणि त्याबद्दल कुळाने त्याला सरकारी धाऱ्याखेरीज ठरावीक भात द्यावयाचे, असा तो करार. जेथे शिलोत्रदार बांधावर येऊन उभा राही तेथे तो न्याय्य होता. जेथे तो दूर शहरात राही, तेथे भात वेळेवर पोचे, पण चिखल मात्र कुळालाच उपसावा लागे. अशा ठिकाणी समुद्राचा धोका आणि जमिनीचा लाभ ह्यांची कायमची फारकत झाली. धोका कुळाकडे राहिला आणि लाभ कागदावर नाव असणाराकडे गेला.

इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी होऊन नकाशे निघाले. त्यांत सर्व्हे नंबर आला, आकार आला, खातेदार आला. ज्याच्या पायांना त्या शेतातील चिखल लागला होता त्याचे नाव मात्र बहुधा आले नाही. नकाशा खोटा होता असे नव्हे. त्याला जे विचारले तेवढेच त्याने सांगितले, आणि जमीन कोण कसतो हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

हा प्रश्न प्रथम मोठ्याने विचारला तो चरीच्या शेतकऱ्यांनी. कै. नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संपाची घोषणा केली, आणि आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे स्वतःच्या हातांनी राखलेली शेते ओस पाहणे म्हणजे काय, याची कल्पना शेतकऱ्यालाच येईल. बायामाणसांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, उपास काढले, पण नांगर धरला नाही. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेस आले आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कूळकायद्याने कुळांस प्रथमच काही संरक्षण मिळाले. पुढे १९४८ चा कूळवहिवाट कायदा आला, १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. ज्यांच्या घरी आज सातबारा आहे त्यांपैकी कित्येकांच्या सातबाऱ्यामागे चरीची ती सहा वर्षे उभी आहेत, हे आपल्या तरुण पिढीने विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्येच मुंबई सरकारने खारभूमीसाठी स्वतंत्र कायदा करून मंडळ स्थापले, आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने सरकारी योजनांतील बांधांची जबाबदारी शासनाकडे आली. ह्यात लाभ मोठा झाला. पक्के बांध झाले, उघाड्या झाल्या. पण एक गोष्ट नकळत हातची गेली. बांध सरकारचा झाला तसा तो आपला राहिला नाही. राखणीचे कंदील विझले. तरुण मंडळी प्रथम मुंबईच्या गिरण्यांत आणि नंतर कारखान्यांत व बंदरांत गेली. बांध फुटला तर अर्ज करावयाचा, अशी नवी रीत पडली. अर्जाला कागद लागतो, वेळ लागतो, आणि उधाणाला मात्र कशाचीच वाट पाहावी लागत नाही.

समुद्र बदलला

आता आजच्या काळाकडे येऊ. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरती-ओहोटीची नोंद होत आहे. आशिया खंडातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक होय. जगभरच्या अशा नोंदींवरून आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने २०२१ च्या अहवालात असे सांगितले की १९०१ ते २०१८ ह्या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी चढली. ह्या शतकाच्या अखेरपर्यंत, धूर सोडण्यास कडक आळा बसला तरी ती आणखी २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि आळा न बसल्यास ६३ सेंटिमीटर ते १ मीटरपर्यंत चढण्याचा संभव आहे.

वीतभर पाण्याने काय होणार, असे कोणी विचारील. त्याने बांधाचा विचार करावा. बांधाची उंची ठरते ती सर्वांत मोठ्या उधाणाच्या वर किती हात राखावयाचा ह्यावरून. समुद्र वीतभर चढला म्हणजे तो राखलेला हात वीतभर कमी झाला. पूर्वी जे उधाण दहा वर्षांतून एकदा बांधाच्या माथ्याला टेकत असेल ते आता वरचेवर टेकू लागेल. उघाडीचेही तसेच आहे. बाहेरील ओहोटी जितकी उथळ तितका आतील पाण्याचा निचरा कमी वेळ चालणार. म्हणजे बाहेरून खारे आणि आतून साचलेले गोडे, अशा दुहेरी पाण्यात शेत सापडावयाचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी वरून पाऊस आणि खालून भरती अशी दोन्ही एकत्र आल्यावर काय होते ते सर्वांनी पाहिले.

वादळांचीही तीच कथा. बंगालचा उपसागर वादळांचा आणि अरबी समुद्र त्या मानाने शांत, असे आपण शाळेत शिकलो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, १९८२ ते २००० ह्या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ ह्या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरुडकडील नारळी-पोफळीची आगरे एका दुपारी आडवी झाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले.

ह्यात माणसाच्या हातची भर निराळीच. १९७० साली नव्या मुंबईची योजना झाली व ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, आणि दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले, हा इतिहास आपणांस मुखोद्गत आहे. त्याची एक बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. खारेपाटातील भातशेती म्हणजे पावसाचे पाणी सामावून घेणारे विस्तीर्ण पात्र होते. भरावाने भोवतालची जमीन उंच झाली आणि कित्येक जुनी गावठाणे मध्ये खोलगट राहिली. जेथे पूर्वजांनी निवडून उंचवट्यावर घरे बांधली होती, तेच ठिकाण आता सर्वांत खाली आले!

नकाशात काय नाही

अशा किनाऱ्याचा धोका मोजण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राने संपूर्ण भारतीय किनाऱ्याचे नकाशे २०१२ साली प्रसिद्ध केले. त्यांत सात गोष्टी मोजल्या आहेत : किनारा किती झिजतो वा वाढतो, समुद्राची पातळी किती वेगाने चढते, जमिनीची उंची, तिचा उतार, तिची ठेवण, लाटांची उंची आणि भरती-ओहोटीतील अंतर. काम मोठ्या परिश्रमाचे आणि उपयोगाचे आहे, ह्यात शंका नाही. परंतु सातही गोष्टी पाणी आणि जमीन ह्यांच्या आहेत. आठवी गोष्ट, म्हणजे माणूस, त्यांत नाही.

२०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत धोक्याची रेषा आखावी असे म्हटले होते. २०१९ च्या अधिसूचनेने ती रेषा आपत्तीच्या नियोजनासाठी वापरावयाची असे ठरले. रेषा सांगते की पाणी येथवर येईल. पण रेषेच्या आत राहणाऱ्या दोन घरांपैकी एकाला पक्का मजला, पेन्शन आणि पनवेलला दुसरी खोली आहे, आणि दुसऱ्याचे सारे भांडवल म्हणजे अर्धेलीने घेतलेले दोन एकर भात, हे रेषा सांगत नाही. दोघांच्या अंगणात एकच पाणी येते, पण दोघांचे नुकसान एक नसते. शास्त्रज्ञ स्वतःच म्हणतात की संकट, त्याच्या वाटेत असणे आणि ते सोसण्याची शक्ती अशा तिन्ही गोष्टी मिळून धोका होतो. तिसरी गोष्ट आकाशातून दिसत नाही. ती गावात उतरून, दारोदार फिरूनच कळते.

आणखी एक उदाहरण देतो. बांध फुटून वर्षानुवर्षे खारे पाणी राहिलेल्या शेतांत कांदळवन उगवते. कांदळवन लाटांचा मारा सोसते, मासळीला आसरा देते, आणि त्याच्या तोडीस उच्च न्यायालयाने २००५ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये मनाई केली, ती योग्यच आहे. पण ज्या कुटुंबाचे शेत बांधाच्या दुरुस्तीअभावी बुडाले, त्याला नकाशात आता केवळ हिरवा रंग दिसतो. तो रंग पाहून कोणाला वाटेल की येथे पूर्वापार जंगलच होते. कांदळवनाचे रक्षण व्हावे आणि शेत गमावलेल्याचीही दाद लागावी, ह्या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत. परंतु दुसरी मागणी करण्यासाठी तेथे शेत होते हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते.

घरची एक गोष्ट

येथवर मी इतरांचे दोष सांगितले. आता घरचे सांगतो, नाहीतर हा लेख अप्रामाणिक ठरेल.

सुमारे तीस वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या अमावास्येच्या उधाणात आमच्या गावच्या बाहेरकाठ्याला दोन खांडी गेल्या. भात पोटरीत होते. आमची जमीन त्या वेळी गावातील एक गृहस्थ तोंडी कराराने कसत होते. बी त्यांचे, मजुरी त्यांची, रात्रीची राखणही त्यांचीच. मी नोकरीनिमित्त शहरात होतो. खांड बुजवण्यासाठी तीन दिवस कंबरभर पाण्यात उभे राहिले ते हे गृहस्थ आणि टेकडीखालच्या वाडीवरील कातकरी मजूर. पुढे पंचनामा झाला. तो सातबाऱ्यावरून झाला, कारण पंचनामा दुसऱ्या कशावरून होणार? नुकसानभरपाईची रक्कम वडिलांच्या नावे आली. वडिलांनी त्या गृहस्थांस बोलावून विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “पाटील, कागद तुमचा हाय. आमी काय बोलनार?” वडिलांनी त्यांच्या हातावर थोडे पैसे ठेवले. ते मागितलेही नव्हते आणि पुरेसेही नव्हते. कातकऱ्यांच्या मजुरीचे काय झाले हे आमच्या घरात कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

आज विचार करतो तेव्हा जाणवते की, चरीच्या वेळी कागदावरचे नाव खोताचे होते आणि चिखलातले पाय आपले होते. आमच्या खांडीच्या वेळी कागदावरचे नाव आमचे होते. कायद्याने आमच्यावर उपकार केला, पण तो उपकार आमच्या दारापाशी येऊन थांबला, कारण आम्ही तो पुढे जाऊ दिला नाही. जो समाज सहा वर्षे उपाशी राहून न्याय मागतो, त्याला स्वतःच्या ओसरीवर तो देता आला नाही, ही खंत मला आहे. ती केवळ माझ्या घराची असावी अशी आशा आहे, परंतु तसा विश्वास मात्र नाही.

आपले कर्तव्य

तेव्हा काय करावे? मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आणि विशेषतः तरुणांपुढे मी एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या समाजाच्या खाडीकाठच्या प्रत्येक गावाने आपला नकाशा आपण तयार करावा. सरकारी मोजणीचा नकाशा खाली ठेवावा आणि त्यावर गावातील वृद्धांना विचारून लिहावे : बांध कोठून कोठे जातो, उघाड्या कोठे आहेत व त्यांची दारे धड आहेत काय, कोणत्या साली कोठे खांड गेली, पाणी कोणाच्या उंबऱ्यापर्यंत आले, गोड्या पाण्याची विहीर कोणती आणि ती कधी खारी झाली, कोणत्या शेतात पूर्वी भात होते आणि आता कांदळवन आहे. इतके झाल्यावर दुसरी, अधिक कठीण यादी करावी. कोणती जमीन प्रत्यक्षात कोण कसतो? कोणत्या घरात एकटी विधवा राहते? वाडीवरील कातकरी कुटुंबे किती आणि पाणी चढल्यास ती कोठे जाणार? कोळी बांधवांच्या होड्या कोठे ओढल्या जातात आणि मासळी कोठे वाळते? ही माणसे आपल्या ज्ञातीची नाहीत म्हणून ती यादीत नकोत, असे कोणी म्हणू नये. बांध सर्वांचा एकच असतो.

मुंबईतील कोळीवाड्यांचे उदाहरण ह्या बाबतीत डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. २०११ च्या अधिसूचनेत कोळीवाड्यांची वस्ती नकाशावर आणावी असे स्पष्ट लिहिले गेले. त्यामुळे आपली वस्ती, आपली वाळवणाची जागा नकाशात असावी, हे मागण्यास कोळी बांधवांना आधार मिळाला. जे नकाशावर येते त्यासाठी भांडता येते. जे येत नाही ते गेले तरी त्याची नोंद होत नाही.

असे नकाशे आणि याद्या ग्रामसभेपुढे ठेवाव्यात, तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचवाव्यात आणि किनाऱ्याच्या आराखड्यांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा पुराव्यादाखल मांडाव्यात. ज्यांच्या नावे सातबारा आहे अशा ज्ञातिबांधवांनी आपली जमीन कसणाराचे नाव पीकपाहणीत लावण्यास हरकत घेऊ नये. ते शक्य वाटत नसेल, तर निदान भरपाईतील त्याचा वाटा आधीच लिहून द्यावा. ह्याला नव्या कायद्याची गरज नाही. मनाची तयारी पुरे आहे.

शिक्षणनिधीसाठी आपण पैसा गोळा करतो, तो करावाच. पण महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत एकेका गावाचा बांध पायी चालून पाहिला आणि एक वही भरून आणली, तर त्या वह्यांचा ठेवा कोणत्याही निधीहून मोलाचा होईल. पूर्वजांनी चिखलाचा बांध घातला. आपल्या हाती आता लेखणी आहे. लेखणीने भरती थांबत नाही हे मलाही समजते. पण भरतीचे नुकसान कोणाच्या माथी पडले हे तिला लिहून ठेवता येते, आणि चरीच्या पिढीला ज्याची उणीव भासली ते हेच.

माझ्या आजोबांचा कंदील अद्याप घरात आहे. काच तडकलेली आहे, वात नाही. तो मी मंडळाच्या कार्यालयास देऊ इच्छितो. कोणा तरुणाने त्याच्याकडे पाहून एकदा तरी उधाणाच्या रात्री बांधावर जाऊन पाण्याचा आवाज ऐकावा, एवढीच इच्छा आहे.

इत्यलम्.